चांगला चेंडू टाकणाऱ्याचे आईबाप

१९७५च्या मे महिन्यात अमेरिकेचे सिनेटर जॉर्ज मॅकगव्हर्न हवानाला गेले, तेव्हा त्यांच्याजवळ दुसरे सिनेटर एडवर्ड ब्रुक यांचं एक पत्र होतं. फिडेल कॅस्ट्रोंना लिहिलेलं. मागणी एवढीच, की हवानाजवळच्या एका वयस्क जोडप्याला बॉस्टनला आपल्या मुलाकडे जाऊ द्यावं. कॅस्ट्रो हो म्हणाले. दोन्ही देशांचं वैर तसूभरही कमी झालं नाही, पण ती दोन माणसं विमानात बसली.

मुलाचं नाव लुईस तियांत. बॉस्टन रेड सॉक्स या बेसबॉल संघाचा पिचर, म्हणजे गोलंदाज. १९६१ साली तो मेक्सिकोत खेळत असताना कॅस्ट्रो सरकारनं क्युबातला व्यावसायिक खेळ बंद केला. खेळून पोट भरायचं तर देश सोडा, आणि देश सोडलात तर परत येऊ नका, असा तो मामला. वडिलांनीच मुलाला कळवलं, इकडे येऊ नकोस. एकुलत्या एका मुलाला असं कळवताना बापाला काय वाटलं असेल! हा बापही पिचरच. थोरले तियांत अमेरिकेतल्या निग्रो लीगमध्ये न्यूयॉर्क क्युबन्सकडून खेळले होते, त्या काळातले नावाजलेले डावखुरे. मेजर लीगमध्ये काळ्या माणसाला घेत नसत, म्हणून त्यांची कारकीर्द तिथंच संपली. अमेरिकेनं बापाला रंगावरून अडवलं, क्युबानं मुलाला सरहद्दीवर. चौदा वर्षं बापलेकांची भेट नाही.

२६ ऑगस्ट १९७५. बॉस्टनच्या फेनवे पार्कवर सामन्याचा औपचारिक पहिला चेंडू टाकायचा मान थोरल्या तियांतांना मिळाला. सत्तरीला टेकलेला माणूस कोट काढून मुलाच्या हाती देतो आणि चेंडू टाकतो. तो मनासारखा पडत नाही, म्हणून परत मागून घेतो आणि दुसरा टाकतो. तीस हजारांचं मैदान उभं राहिलेलं. ऑक्टोबरात वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलची अंतिम मालिका झाली. सिनसिनाटीविरुद्ध पहिल्या सामन्यात धाकट्या तियांतनं प्रतिस्पर्ध्यांना एकही धाव दिली नाही. चौथ्या सामन्यात एकट्यानं दीडशेवर चेंडू टाकले आणि सामना ५-४ असा काढून दिला. आपल्या हिशेबानं पंचवीस षटकांहून जास्त गोलंदाजी, एका हातानं, एका दमात. आणि बघायला आईबाप.

पुढच्याच वर्षी, डिसेंबरात, दोघंही काही दिवसांच्या अंतरानं वारले. सोबत मिळाली ती सव्वा वर्षाची.

ही कथा मला फार प्रिय आहे आणि तिचा मला संतापही येतो. मुलानं शतकातून एखाद्यालाच जमेल अशी पिचिंग केली, दोन सिनेटरांनी शब्द टाकला, एका हुकूमशहाला त्या दिवशी उदार व्हावंसं वाटलं, तेव्हा कुठं बापाला लेक दिसला. मायामीला लागून असलेल्या हायालियात त्याच वर्षी कारखान्यात शिवणकाम करणाऱ्या, हॉटेलात भांडी घासणाऱ्या हजारो क्युबनांचे आईबापही बेटावरच होते. त्यांच्यासाठी पत्र कोण लिहिणार?

मेहरबानीची ही रीत पुढेही चालू राहिली. १९९७ साली लिव्हान हर्नांडेझ फ्लोरिडा मार्लिन्सकडून वर्ल्ड सिरीज गाजवत होता, तेव्हा त्याच्या आईला शेवटच्या सामन्यासाठी मायामीला येऊ दिलं. पुढच्या वर्षी त्याचा सावत्र भाऊ ओर्लांडो, ज्याला सगळे 'एल दुके' म्हणत, न्यूयॉर्क यँकीजकडून जिंकला. त्याच्या आई आणि मुलींसाठी न्यूयॉर्कचे कार्डिनल जॉन ओकॉनर यांना रदबदली करावी लागली. कधी सिनेटर, कधी कार्डिनल. लेकरानं बापाला भेटण्यासाठी धर्मगुरूचा वशिला लागावा, यात कौतुक कसलं? हवानाच्या सरकारनं माणसांचे आईबाप ओलीस ठेवले होते, हे स्पष्ट म्हटलं पाहिजे. समाजवादाशी त्याचा काडीचा संबंध नाही.

पण दोष एकट्या हवानाचा नाही.

डिसेंबर १९६० ते ऑक्टोबर १९६२ या काळात १४ हजारांहून अधिक क्युबन मुलं आईबापांशिवाय विमानानं अमेरिकेत आली. 'ऑपरेशन पेद्रो पान' म्हणतात ते हेच. काही महिन्यांचा प्रश्न आहे, असं घरोघरी वाटत होतं. क्युबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांचा पेच आला, विमानं थांबली, आणि कित्येक मुलांचे महिने वर्षांत गेले. यातलाच एक मुलगा, मेल मार्टिनेझ, मोठेपणी जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्या मंत्रिमंडळात गेला आणि नंतर सिनेटर झाला. त्याच बुश यांच्या सरकारनं २००४ मध्ये नियम काढला, की अमेरिकेतल्या क्युबनानं तीन वर्षांत एकदाच घरी जायचं. आई अत्यवस्थ असली तरी सवलत नाही. मामा, मावशी, चुलत भाऊ यांना कुटुंबच मानायचं नाही. कार्लोस लासो नावाचा क्युबन-अमेरिकन सैनिक इराकच्या युद्धातून रजेवर आला, मुलांना भेटायला निघाला, तर मायामीतून त्याला हवानाच्या विमानात बसू दिलं नाही. अमेरिकेसाठी फलुजात जायला चालतं, पोरांकडे जायला चालत नाही. ओबामांनी २००९ मध्ये हा नियम काढला. पाच वर्षांत किती अंत्यदर्शनं हुकली असतील!

मायामीतल्या नेत्यांनी हे नियम उचलून धरले होते. कॅस्ट्रोंची कोंडी होईल म्हणाले. कोंडी झाली ती मावश्यांची.

एलिआन गोन्झालेझचं प्रकरण आठवा. १९९९च्या नोव्हेंबरात होडी बुडून आई गेली, पाच वर्षांचा पोर फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ सापडला. बाप क्युबात, मुलगा परत मागतोय. ताटातुटीचं दुःख ज्या शहराला इतर कुणापेक्षा जास्त ठाऊक, ते मायामी बापाच्या विरोधात रस्त्यावर उतरलं. त्यांचा कॅस्ट्रोंवरचा राग मला समजतो. पण बाप तो बाप. एप्रिल २००० मध्ये सरकारी माणसांनी बंदुका घेऊन पहाटे मुलाला उचललं, तीही रीत नव्हती. नोव्हेंबरात फ्लोरिडा, आणि फ्लोरिडासोबत अध्यक्षपद, ५३७ मतांनी त्याच सरकारचे उपाध्यक्ष अल गोर यांच्या हातून निसटलं. चिडलेली क्युबन मतं त्यात होतीच. तेव्हापासून दोन्ही पक्षांनी धडा घेतला तो क्युबन मतदाराला न दुखवण्याचा. क्युबन कुटुंब त्या धड्यात कुठंच नव्हतं.

आता बेसबॉलकडे परत येतो, कारण या सगळ्यात एकदाच कुणीतरी शहाणपणाचं काम केलं होतं. डिसेंबर २०१८ मध्ये मेजर लीग आणि क्युबाचा बेसबॉल महासंघ यांच्यात करार झाला. खेळाडूनं पळून जायची गरज नाही, रीतसर व्हिसावर यायचं, बायकापोरांना आणायचं, हंगाम संपला की घरी जायचं. एप्रिल २०१९ मध्ये ट्रम्प सरकारनं तो रद्द केला. कारण दिलं, की महासंघ क्युबा सरकारचाच भाग आहे आणि कराराचे पैसे त्याला मिळतात. आक्षेप खोटा नव्हता. खेळाडूच्या घामातून सरकारनं हिस्सा घ्यावा हे मलाही पटत नाही. पण दुसरा हिस्सेदार कोण होता ते पाहा. क्युबन खेळाडू यासिएल पुइगला २०१२ साली तस्करांनी बोटीनं मेक्सिकोत नेलं. डॉजर्स संघाशी त्याचा ४ कोटी २० लाख डॉलरचा करार झाला, आणि त्याला आणवणाऱ्या मायामीतल्या माणसानं पुढे कोर्टात गुन्हा कबूल केला. दुसरा खेळाडू होसे अब्रेऊ यानं २०१७ मध्ये मायामीच्या कोर्टात साक्ष दिली, की खोट्या पासपोर्टाचं पान त्यानं विमानात चावून गिळलं. तिसरा, होसे फर्नांडेझ, पंधरा वर्षांचा असताना पळून येत होता, तेव्हा होडीतून कुणी पाण्यात पडलं म्हणून त्यानं उडी मारली. हाताला लागली ती त्याची आई. त्याआधीचे प्रयत्न फसून तो तुरुंगातही जाऊन आला होता. हे रद्द केलेल्या कराराचे पर्याय.

आणि ज्याला चेंडू टाकता येत नाही तो? आपल्याकडे मुलं न्यू जर्सीत असलेली कितीतरी घरं आहेत. व्हिसाच्या तारखेसाठी महिनोन्‌महिने थांबणं काय असतं हे वांद्रे-कुर्ला संकुलात गेलेल्या आजी-आजोबांना विचारा. पण त्यांना निदान वांद्र्यालाच जायचं असतं. २०१७ मध्ये हवानातल्या अमेरिकी दूतावासाचं काम जवळपास थांबलं, आणि मुलाकडे कायमचं राहायला जाऊ पाहणाऱ्या क्युबन आईला मुलाखतीसाठी दक्षिण अमेरिकेत, गयानाच्या जॉर्जटाउनला जावं लागू लागलं. हवानात हे काम पूर्णपणे सुरू व्हायला २०२३ उजाडलं. त्याच वर्षी बायडेन सरकारनं अमेरिकेतल्या माणसानं हमी घेतली तर रीतसर येण्याची सोय केली. लाखाहून अधिक क्युबन आले. कायदा पाळून, विमानानं, कागदपत्रं घेऊन. मार्च २०२५ मध्ये ट्रम्प सरकारनं ती सोय मोडली, आलेल्यांनाही निघायला सांगितलं.

त्याच्या चारच महिने आधी ट्रम्प यांनी मायामी-डेड परगणा मोठ्या फरकानं जिंकला होता. परराष्ट्रमंत्री मार्को रुबियो याच शहरात जन्मले, त्यांचे आईवडील १९५६ साली क्युबातून आले. १९६६च्या अमेरिकी कायद्यानं क्युबनांना कायमचं राहण्याचा जो मार्ग दिला तो दुसऱ्या कुठल्याही देशाच्या माणसाला मिळाला नाही. त्या मार्गावरून वर चढलेल्यांनी आज आपल्याच भाचरांसाठी तोंड उघडायला हवं. रुबियो यांचं घर त्याही आधी आलेलं; त्यांनी सर्वांत आधी.

सुरुवात कुठून करावी तेही सांगतो. २०१८चा करार पुन्हा काढा, महासंघाच्या हिश्श्याचं भांडण टेबलावर बसून मिटवा, हंगाम संपल्यावर घरी जायचा हक्क आधी द्या. तो जमला, की तेच कलम हायालियातल्या गवंड्याला लावा. त्याच्या आईलाही.