इंग्रजीबाई, आमचा अर्धा गुण

तीर्थस्वरूप इंग्रजीबाईंना,
सा. न. वि. वि.

परवा आमच्या पाचवीतल्या कन्येचा पेपर घरी आला. 'अ रेड बिग बस' या शब्दांभोवती लाल गोल आणि अर्धा गुण गुल. एसटी लाल असते, मोठीही असते. पोरीने दोन्ही नीट पाहिलं होतं. शाळेत जाऊन सरांना विचारलं, तर म्हणाले, "बिग रेड हवं. रेड बिग कानाला बरं लागत नाही." कुणाच्या कानाला, बाई? सरांचे कान कराडचे, माझे वाईचे!

आम्ही आर्टिकलं घोकली, पॅसिव्ह व्हॉइस उलटासुलटा केला. पण तुमच्याकडे विशेषणांची रांग असते, हे कुणी सांगितलं नाही. आधी मत, मग आकारमान, वय, आकार, रंग, मूळ गाव, शेवटी बनावट आणि उपयोग. एवढा मानपान आमच्या लग्नाच्या पंगतीतही नसतो. आमच्याकडे जुना लाकडी पाट म्हणा की लाकडी जुना, बसणाऱ्याला काही टोचत नाही.

आणि कारण तरी कुणाला ठाऊक आहे? लेखक टॉल्किनने सातेक वर्षांचा असताना ड्रॅगनची गोष्ट लिहिली. 'ग्रीन ग्रेट ड्रॅगन' चालत नाही, 'ग्रेट ग्रीन ड्रॅगन' म्हण, असं आईने सांगितलं. का, ते त्याला कळलं नाही. १९५५ साली कवी ऑडनला पत्र लिहितानाही कळलेलं नव्हतं, आणि तेव्हा तो ऑक्सफर्डात तुमचाच प्राध्यापक होता! त्याचा अर्धा गुण कुणी कापला?

'समथिंग न्यू'मध्ये विशेषण मागे का जातं, हे मी विचारतही नाही. पण पोरीच्या त्याच शाळेची सूचना वाचा: 'कन्सर्न्ड पेरेंट्स'नी भेटावं. म्हणायचं होतं 'संबंधित पालक', म्हणजे 'पेरेंट्स कन्सर्न्ड'. विशेषण पुढे बसलं आणि आम्ही झालो 'चिंतातुर पालक'. खोटं नव्हतं म्हणा. शाळेचा मात्र गुण कापला गेला नाही.

खरं तर तुमचीही दया येते. १०६६ साली नॉर्मन आले, त्यांच्या फ्रेंचने तुमच्या दरबारात विशेषण नामाच्या मागे नेऊन बसवलं. ते लोक गेले, 'अटर्नी जनरल' आणि 'कोर्ट मार्शल' राहिले. आमच्या कोर्टातले वकील, फिर्याद, तारीख असेच फारसीच्या वाटेने आले. राज्यकर्त्याची भाषा अंगावर वागवणं म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको.

म्हणून तुमच्याशी भांडण नाही. राग आमच्याच माणसांवर आहे. पोरगी आता इंग्रजी वाक्य बोलण्याआधी बोटांवर मोजते: आकारमान, वय, रंग. ओठ हलतात, आवाज फुटत नाही. महिन्यापूर्वी चुकत का होईना, घडाघडा बोलायची.

सर, जो धडा शिकवला नाही, त्याचा गुण कापू नका. एवढंच.

आपला,
एक संबंधित आणि चिंतातुर पालक