खुर्चीचा बोलीबहाद्दर

बोलीबहाद्दर हा शिकागो, न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस अशा शहरांतील लिलावगृहांत आढळणारा गृहस्थ होय. वय चाळिशीपुढे, चश्म्याची चौकट जाड व काळी, घरी बसायला पुरेशा खुर्च्या. विसाव्या शतकाच्या मध्यावरचे फर्निचर, म्हणजे ‘मिड-सेंच्युरी’, हा त्याचा विषय. आणि चार्ल्स व रे ईम्स या दांपत्याची लाउंज खुर्ची हे त्याचे आराध्यदैवत.

हर्मन मिलर कंपनीने ही खुर्ची १९५६ मध्ये बाजारात आणली. खुर्चीचा क्रमांक ६७०, पाय ठेवायच्या चौरंगाचा ६७१. वाकवलेल्या प्लायवुडची तीन कवचे, त्यांवर कातडी गाद्या आणि खाली पाच पायांची फिरती बैठक, अशी तिची रचना. बेसबॉलच्या, वापरून वापरून मऊ पडलेल्या हातमोज्यासारखी ती दिसावी, अशी चार्ल्स यांची इच्छा होती. ही खुर्ची आजही नवी मिळते. पण नवी घेतो तो नुसता गिऱ्हाईक आणि जुनी घेतो तो संग्राहक, अशी बोलीबहाद्दराची वर्णव्यवस्था आहे. शिवाय जुन्या खुर्च्यांना ब्राझिलियन रोझवुड असे. या लाकडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९९२ पासून कडक निर्बंध आहेत. त्याचे नाव घेताना बोलीबहाद्दराचा हात, गुरूचे नाव घेणाऱ्या गवयासारखा, कानाच्या पाळीकडे जातो.

लिलावापूर्वी माल पाहण्याचा दिवस असतो. मुलगी पाहायला आलेल्या वडीलधाऱ्यांनाही लाज वाटेल, इतक्या बारकाईने तो खुर्ची पाहतो. प्रथम तिला उलटी करून विजेरीच्या उजेडात कंपनीची चिठ्ठी वाचतो. मग कवचाच्या कडेला नखाने प्लायचे थर मोजतो : पाच भरले तर जुनी, सात भरले तर अलीकडची. बाहेरच्या बाजूला स्क्रू दिसला किंवा खाली चारच पाय निघाले, तर ती नक्कल समजून तोंड फिरवतो. शेवटी पाठीचे कवच पेलणारे रबरी जोड चाचपतो. वर्षे गेली की हे रबर कडक होते, डिंक सुटतो आणि पाठ एक दिवस बसणाऱ्यासह मागे जाते. या साऱ्या तपासणीत तो एक गोष्ट करत नाही. खुर्चीत बसून पाहत नाही. गादीवर पडलेला खोलगट खळगा आणि चामड्याच्या सुरकुत्या यांना तो ‘पॅटिना’ म्हणतो. दुसऱ्याच्या बसण्याला दिलेले हे प्रतिष्ठित नाव आहे, आणि पैसे त्याचेच पडतात.

लिलावाच्या दिवशी तो मागच्या रांगेत बसतो. खिशातल्या चिठ्ठीवर कमाल आकडा लिहिलेला असतो : समजा, पाच हजार डॉलर. बोली चार हजारांवर जाते आणि फोनवरून कोणी अज्ञात माणूस आडवा येतो. खुर्ची बाजूला राहते. आता प्रश्न अब्रूचा होतो. हात दाखवून अवलक्षण ही म्हण मराठीत असली, तरी तिचा खरा प्रत्यय या सभागृहात येतो. हातातली क्रमांकाची पाटी पाच हजारांनंतरही वर जातच राहते आणि हातोडा सहा हजारांवर पडतो.

त्यानंतर हिशेब येतो. लिलावगृहाचे शुल्क, म्हणजे ‘बायर्स प्रीमियम’, पंचवीस टक्के धरले तरी दीड हजार. त्यावर विक्रीकर, वेष्टन, वाहतूक, रबरी जोडांची दुरुस्ती. चार आण्यांची कोंबडी नि बारा आण्यांचा मसाला. घरी मात्र तो फक्त हातोड्याचा आकडा सांगतो, आणि तोही खालच्या अंगाला झुकवून.

खुर्ची घरात येते ती खिडकीपासून दूर, कारण उन्हाने चामडे तडकते. पाहुण्यांना ती दाखवली जाते आणि सोफ्यावर बसवले जाते. मुलांना त्या खोलीत धावायची बंदी होते. पहिल्या मालकाचा ओरखडा पॅटिना असला, तरी स्वतःच्या मुलाचा ओरखडा नुकसानीत धरला जातो. शेजारच्या फळीवर भारतातून मागवलेला पितळी तांब्या असतो. ईम्स दांपत्याने १९५८ मध्ये भारत सरकारला दिलेल्या अहवालात, पिढ्यान्‌पिढ्यांच्या वापरातून घडलेली वस्तू म्हणून तांब्याची तोंडभरून स्तुती केली आहे. या तांब्यात कधी पाणी भरलेले नाही. बोलीबहाद्दर स्वतः समोरच्या जुन्या कोचावर बसतो. तिथून खुर्ची चांगली दिसते.

कालांतराने वारस ती खुर्ची पुन्हा लिलावगृहात नेतात. तेथील तपासनीस तिला उलटी करतो, थर मोजतो आणि स्थिती-अहवाल लिहितो : मालक दोन. पहिल्याच्या बसण्याच्या खुणा शाबूत. दुसऱ्याच्या आढळल्या नाहीत.