आशाताईंच्या मनाचं काय?

घरोघरी जाऊन आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताईंचं मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण झालं. आता आजारांचा धोका तपासणारा ‘सी-बॅक’ फॉर्म भरताना त्या तिशीपुढच्या प्रत्येकाला विचारतात: गेल्या दोन आठवड्यांत कामात रस वाटला नाही, उदास वाटलं, असं किती वेळा झालं? गुण जास्त भरले, की माणूस पुढे पाठवायचा. ताईंना मात्र हे विचारायचं कुणी, याचा रकाना नाही. सरकारदरबारी त्या स्वयंसेविका. पगारच नाही, तर ताण कसला? मोबदला थकलाय, पण तो आजार थोडाच आहे! फारच असह्य झालं तर ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ आहेच. चोवीस तास चालू. ताईही चोवीस तासच चालू असतात. फरक एवढाच, तिकडे पाळ्या बदलतात.