डबल बासची मिटेनवाल्डवारी

म्युनिकहून मिटेनवाल्डला रेल्वेने दोन तास लागतात. सोबत डबल बास नावाचं अवजड तंतुवाद्य असेल, तर फलाटावर पोचण्यातच अर्धी सकाळ जाते. आमच्या बुटक्या मित्राने स्वस्तात मिळाला म्हणून शंभरी ओलांडलेला एक अवाढव्य बास घेतला होता. त्यामागे तो उभा राहिला की नुसती टोपी दिसते. वजन म्हणाल तर जेमतेम दहा-बारा किलो, पण उचलायला एक आणि "जरा सांभाळून!" ओरडायला एक असे दोघे लागतातच. ओरडायचं काम मित्राकडे होतं.

गाडीत सायकलींच्या जागेत बास अधिक महिन्यातल्या जावयाच्या थाटात उभा राहिला. सायकलवाले अंग चोरून बसले. एका आजीबाईंनी विचारलंच, "बासरी का नाही हो शिकलात?" हा प्रश्न बासवाल्यांना जगभर ऐकावा लागतो, आणि विचारणाऱ्याला दरवेळी तो आपल्यालाच सुचला असं वाटतं.

मिटेनवाल्डला भिंती चितारलेली घरं आहेत, डोक्यावर कार्वेंडेलचे कडे आहेत. सतराव्या शतकाच्या अखेरीस मथियास क्लोत्सने इथे व्हायोलिनं घडवायला घेतली आणि गावाला धंदा मिळाला. १८५८ पासून तर व्हायोलिनं घडवायला शिकवणारी शाळाच आहे. चर्चसमोर क्लोत्सचा पुतळा आहे. हे सगळं मी बासच्या खांद्याआडून दिसेल तेवढं पाहिलं.

ज्याच्याकडे आम्ही बास दुरुस्तीला आणला होता, त्या कारागिराने बासच्या पोटात छोटा आरसा घातला. आत घोडीच्या एका पायाजवळ स्प्रूसची काठी उभी असते. तिला खिळा नाही, सरस नाही. ती नुसती दाबावर टिकते. चारही तारा एकदम सैल केल्या, तर आडवी व्हायची. त्याने वाकड्या सळीने ती केसभर सरकवली आणि इतका वेळ कण्हणारी खर्जाची तार एकदम बोलू लागली. मला राहवेना. आमच्याकडेही केसभर सरकवण्याने तार अशीच बोलू लागते म्हणून मिरजेचा तंबोरा, जवारी, तारेखालचा दोरा, सगळं सांगून टाकलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्या हातात दिवा दिला.

खरी पंचाईत पुढे होती. घोडी तासून तारा खाली आल्या, खालचा दांडा आत गेला, पण तारांची लांबी ११० सेंटिमीटर ती ११०च. एरवी ती १०५च्या आसपास असते. बास शिकवण्याच्या फ्रान्झ सिमांड्लच्या जुन्या पद्धतीत खालच्या पट्ट्यांत अनामिकेला स्वतंत्र काम नसतं, ती करंगळीला हातभार लावते. आमच्या मित्राच्या करंगळीला हातभार नव्हे, शिडी हवी होती.

"सहा महिने द्या," कारागीर म्हणाला.

"बासला?"

"तुम्हाला."

निघताना तो मित्राला हळूच आणखी काही बोलला: हिवाळ्यात हवा कोरडी झाली की लाकूड आकसेल, तारा खाली येतील, तेव्हा पुन्हा घेऊन या. मित्राने मला मराठीत एवढंच सांगितलं, "झालं काम कायमचं!" मला जर्मन येतं, हे तो विसरला होता.