क्लॅम्प नशिबाने उघडला नव्हता

ठेकेदार साहेब,

काँक्रीट पंपाच्या लाइनने मजुराचा जबडा मोडला की तुमचं उत्तर तयार असतं: नशीब खराब बिचाऱ्याचं! तुमच्या साइटवरचं प्रत्येक पाप नशीबच करतं. त्याचीही हजेरी लावा आणि पगार सुरू करा.

परवा त्या पोराचा जबडा मोडला, त्या रात्री अर्धा स्लॅब झाला होता आणि गेटवर मिक्सरच्या गाड्या खोळंबल्या होत्या. माल दोन तासांत उतरायला हवा, हे तुम्हाला पक्कं ठाऊक. नेमकी तेव्हाच बेंडमध्ये खडी अडकून लाइन चोक झाली. मोटारीच्या चाकात दोन-सव्वादोन बार हवा असते; काँक्रीटच्या लाइनमध्ये दाब 60-70 बारपर्यंत चढू शकतो. म्हणून आधी पंप उलटा चालवून दाब उतरवायचा, मग पाइप जोडणाऱ्या क्लॅम्पला हात लावायचा. काही मिनिटांचं काम. तुम्ही ओरडलात, "जल्दी खोल!" पोराने हातोडीने क्लॅम्प उडवला आणि आतली खडी त्याच्या तोंडावर आली.

ते पाइप तरी कसले? आतून खडीने घासून पातळ झालेले, बाहेरून ताजा पिवळा रंग. रंगाला पैसे निघाले, जाडी मोजायला निघाले नाहीत.

काम संपल्यावर कॉम्प्रेसरची हवा सोडून लाइन साफ करता. दाबलेली हवा सुटताना सगळा जोर एकदम बाहेर टाकते, लाइन पुसायला आत घातलेला स्पंज बॉल अडकला असेल तर गोळीसारखा सुटतो, रबरी होज उसळून दिसेल त्याला झोडपतो. टोकाला बॉल अडवणारी जाळी नसते. माणसं मात्र समोरच उभी असतात, कारण तिथून हटा म्हणणारं कुणी नसतं.

बांधकाम कामगारांसाठीचे केंद्रीय नियम 1998 सालीच आले. पंपाचा पाइप टोकाला आणि प्रत्येक वळणावर घट्ट बांधा, हवा सोडणारे व्हॉल्व्ह लावा, पंपाजवळच्यांना गॉगल द्या, असं त्यांत स्पष्ट लिहिलंय. तुमच्याकडे वळणावर बाइंडिंग वायर असते आणि गॉगल ऑफिसच्या कपाटात, तपासणीच्या दिवसासाठी.

पोराच्या दवाखान्याचं पूर्ण बिल भरा, तो घरी बसेल तितक्या दिवसांची मजुरी द्या. पुढच्या स्लॅबआधी प्रत्येक पाइपची जाडी मोजून घ्या. आणि लाइन चोक झाली तर ओरडू नका. दाब शून्यावर आल्याचं ऑपरेटर सांगेपर्यंत गाड्या थांबू द्या.