अमूर्त शिल्प कसे पाहावे : नवशिक्यांसाठी

सरावाला शिकागोच्या डेली प्लाझातला पिकासो घ्यावा. ५० फूट उंच, १६२ टन पोलाद. नजरेतून सुटण्याची भीती नाही.

आधी खालची पाटी वाचून मग वर बघायची सवय असेल तर ती सोडा. या शिल्पाला नावच नाही. पिकासोने सुमारे साडेतीन फुटी नमुना करून दिला, पूल बांधणाऱ्या अमेरिकन ब्रिज कंपनीने तो एवढा मोठा घडवला. हे काय आहे ते पिकासोने सांगितले नाही, देऊ केलेले एक लाख डॉलर घेतले नाहीत आणि अमेरिकेत तर तो उभ्या जन्मात गेला नाही. विचारायचे कोणाला, हा प्रश्न तिथेच मिटला.

आता समोर उभे राहा. लांबट तोंड, अगदी जवळजवळ दोन डोळे, मागे पसरलेले दोन पत्रे आणि मध्ये ताणलेल्या सळ्या. बेधडक ‘माकड!’ म्हणा. लोक १९६७ पासून म्हणताहेत. कुणाला पक्षी दिसतो, कुणाला पिकासोचा अफगाण कुत्रा. मग चार पावले बाजूला सरका. तेच पत्रे केस होतात आणि माकडाची बाई होते. मत बदलायला लाजू नये. शिल्पाभोवती मोकळी जागा ठेवतात ती यासाठीच.

‘गंजलंय हो!’ अशी तक्रार मात्र करू नका. हे कॉर-टेन पोलाद आहे. त्यावर गंजाचा घट्ट थर बसतो आणि तोच आतला धातू राखतो. मागची इमारतही त्याच पोलादाची. दर दोन पावसाळ्यांनी खिडकीच्या ग्रिलला रेड ऑक्साइड मारणाऱ्या आपल्या मंडळींना हे पचायला जड जाईल, पण खरे आहे.

शिल्प आवडलेच नाही तर खुशाल चिडा. जॉन होएलन या नगरसेवकाने ते हलवून तिथे बेसबॉलपटू एर्नी बँक्सचा पुतळा उभारा, असे सुचवले होते. पुढे त्याच शिकागोकरांनी सामन्यांच्या दिवसांत या शिल्पाच्या डोक्यावर संघाची टोपी चढवली. पोरे तर पायथ्याच्या उतारावर घसरगुंडी खेळतात. माझ्या मते सगळ्यात जाणकार प्रेक्षक तीच.

शेवटी फोटो काढा. नमुना लोकांपुढे मांडताना हक्कसूचना लावायची राहून गेली, म्हणून १९७० साली न्यायालयाने या शिल्पावर कुणाचाच कॉपीराइट नाही असा निकाल दिला. तेव्हा हवे तर पोस्टकार्डे छापून विकासुद्धा.