एचआरवाल्यांची अक्षरं कशी वाचावीत? (नवशिक्यांसाठी)

आधी साहित्य जमवा : एचआर खात्यातल्या कुणाचंही व्हिजिटिंग कार्ड, वाचायचा चष्मा आणि कारखान्यात उमेदीची वर्षं घालवून निवृत्त झालेले एक काका. कार्डावर नावापुढे जी अक्षरं छापलेली असतात, ती कधी आणि कुणाच्या सोयीसाठी जन्माला आली हे ओळखणं म्हणजे ही विद्या. काकांना मधेच चहा द्यावा, म्हणजे ते बोलत राहतात.

पायरी पहिली. नावापुढे काहीच नसेल तर घाईनं अडाणी ठरवू नका. मुंबईच्या गिरण्यांत माणसं भरणं, काढणं, रजा देणं आणि भांडणं मिटवणं ही सगळी कामं जॉबर करायचा. त्याची पात्रता एकच, गावाकडून माणसं आणता येणं. प्रमाणपत्र नव्हतं, दस्तुरी होती, आणि ती कामगाराच्या खिशातून जायची. १९२८ साली संपामुळे गिरण्या सहा महिने बंद राहिल्या. पुढच्या वर्षी व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली कामगारविषयक रॉयल कमिशन नेमलं गेलं. १९३१च्या अहवालात त्यानं सांगितलं की भरती जॉबरच्या हातून काढा आणि लेबर ऑफिसर नेमा. पुढची बहुतेक अक्षरं या एका सूचनेची नातवंडं-पतवंडं आहेत. कुणाला तरी कुणाची तरी धास्ती वाटल्याशिवाय या क्षेत्रात नवी पात्रता निघत नाही, हे पहिल्याच पायरीला वहीत लिहून ठेवा.

पायरी दुसरी. ‘एमएसडब्ल्यू’ दिसलं की समोरचा माणूस समाजकार्याच्या दारानं आत आलाय. १९३६ साली मुंबईत सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क निघालं. १९४४ पासून आपण त्याला टिस म्हणतो. मग आला १९४८चा कारखाने कायदा. त्याच्या ४९व्या कलमानं सांगितलं की पाचशे किंवा जास्त कामगार असतील तिथे वेल्फेअर ऑफिसर ठेवलाच पाहिजे. पात्रता ठरवायचं काम राज्यांकडे गेलं. अनेक राज्यांच्या नियमांत पदवी हवी, सामाजिक शास्त्रांपैकी कशातली तरी मान्य पदविका हवी आणि तिसरी अट म्हणजे बहुसंख्य कामगारांची भाषा यायला हवी. या तिसऱ्या अटीच्या गाईड्‌स बाजारात मिळत नाहीत, म्हणून तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

एका कलमातून नोकरी निघाली, आणि नोकरी निघाली की कोर्स निघतोच. परळच्या कामगार संस्थेतला एमएलएस, पुण्याचा एमपीएम, आणि सगळ्यांत चिवट असा डीएलएल, म्हणजे कामगार कायद्यांची पदविका. डीएलएल बहुतेकांनी नोकरी सांभाळून, संध्याकाळच्या वर्गात, आधीच्या बॅचच्या झेरॉक्स नोट्‌सवर केला. ओळखण्याची खूण अशी : एमएसडब्ल्यूवाला आधी घरचं विचारतो, डीएलएलवाला कलम नंबर सांगतो. एमपीएमवाला दोन्ही करतो आणि मध्येच घड्याळ बघतो, कारण दोन वाजता युनियनबरोबर मीटिंग असते. १९८२चा गिरणी संप पाहिलेल्या पिढीत बढतीच्या वेळी पदवी नंतर विचारली जायची. आधी विचारायचे, ‘वाटाघाटीच्या टेबलावर बसता येतं का?’

पायरी तिसरी, पाट्या बदलण्याची. खुर्ची तीच, कपाट तेच, कपाटातलं हजेरीचं मस्टरही तेच. दारावर मात्र आधी लेबर, मग पर्सोनेल, मग एचआर. टिसमधल्या अभ्यासक्रमाच्या नावातलं पर्सोनेल मॅनेजमेंटही जाऊन ह्यूमन रिसोर्स आलं. तिथे निदान लेबर रिलेशन्स शेपटाला राहू दिलं. हिंजवडीच्या आयटी कंपन्यांत युनियनच नव्हती, त्यामुळे तिथल्या एमबीए-एचआरला शेपटाचीही गरज पडली नाही.

पायरी चौथी थोडी अवघड आहे. काकांना झोपू द्या. इथे परदेशी अक्षरं येतात. ब्रिटनमधल्या सीआयपीडी या एचआरवाल्यांच्या संस्थेची सुरुवात १९१३ साली यॉर्कमध्ये वेल्फेअर वर्कर्स असोसिएशन म्हणून झाली, म्हणजे तिकडेही मूळ कल्याणाचंच. २०२१ मध्ये त्यांनी आपल्या पात्रता नव्यानं बांधल्या. लेव्हल तीन, पाच आणि सात. चार आणि सहा हरवलेले नाहीत. हे आकडे तिकडच्या सरकारमान्य शिक्षणपातळ्यांचे आहेत. तीन म्हणजे फाउंडेशन, साधारण आपली बारावी, सात म्हणजे पदव्युत्तर. दुबईला जायचं म्हणणाऱ्या भाचीला हे आधी सांगा, नाहीतर ती फाउंडेशन करून मास्टर्सचे पेढे वाटेल.

अमेरिकेत वेगळीच गंमत झाली. वर्षानुवर्षं तिथलं मानाचं प्रमाणपत्र म्हणजे एचआरसीआय या संस्थेचं पीएचआर आणि त्याच्या वरचं एसपीएचआर. २०१४ मध्ये एसएचआरएम या मोठ्या संघटनेनं जाहीर केलं की आम्ही आमचं वेगळं काढतो. सीपी आणि एससीपी. दोघांचं फाटलं आणि मधल्यामध्ये उमेदवाराच्या नावामागे दोन शेपट्या लागल्या. जुनं प्रमाणपत्र असलेल्यांना २०१५ अखेरपर्यंत एक छोटा ऑनलाइन पाठ पुरा करून, परीक्षा न देता नवं मिळत होतं. तेव्हा ‘दोन्ही आहेत’ असं कुणी छाती फुगवून सांगितलं, तर आदरानं साल विचारा. एसएचआरएमचं प्रमाणपत्र टिकवायला दर तीन वर्षांनी साठ क्रेडिट दाखवावी लागतात किंवा पुन्हा परीक्षेला बसावं लागतं. आपल्याकडे मात्र या फाटाफुटीच्या उलटं घडलं होतं. कलकत्त्याची १९४८ची आणि मुंबईची १९५०ची अशा एचआरवाल्यांच्या दोन संस्था १९८० मध्ये एक होऊन एनआयपीएम झाली. भांडणाऐवजी लग्न झाल्यामुळे त्याची बातमी फार गाजली नाही.

पायरी पाचवी. आता कपाटातली कायद्याची पुस्तकं बाहेर काढा, पण रद्दीवाल्याला फोन करू नका. २९ केंद्रीय कामगार कायदे मोडून चार संहिता केल्या गेल्या. एक २०१९ची, तीन २०२०च्या. अंमल सुरू झाला २१ नोव्हेंबर २०२५ला. मधली पाच वर्षं डीएलएलच्या विद्यार्थ्यांनी पेपरात जुना कायदा लिहायचा आणि मुलाखतीत नवा सांगायचा, असा संसार केला. नव्या संहितांत वेल्फेअर ऑफिसर २५० कामगारांवरच लागतो, आणि कँटीन २५० ऐवजी शंभरावर. म्हणजे जी नोकरी पाट्या बदलता बदलता संपली असं वाटत होतं, तिची गरज कायद्यानं निम्म्या आकाराच्या कारखान्यापर्यंत खाली आणली.

स्वाध्याय. चाकणला तीनशे कामगारांचा कारखाना आहे. एचआर प्रमुख बाईंच्या कार्डावर एमबीए आणि एसएचआरएम-एससीपी आहे. इंग्रजी उत्तम, कामगार मात्र मराठवाडा आणि बिहारचे. मालकांना नुकतंच कळलं की आपल्यालाही वेल्फेअर ऑफिसर लागतो. ते काय करतील?

उत्तर : बाईंना संध्याकाळच्या डीएलएलच्या वर्गाला घालतील, आणि नोट्‌स शोधायला काकांकडे पाठवतील.